मेलोट्रॉनचे सॅम्पल्स: आठ सेकंदांनी आवाज थांबला पाहिजे की नाही?

पायपेटी (धागाकर्ता)

घरच्या छोट्या स्टुडिओसाठी मेलोट्रॉनचे सॅम्पल्स (खऱ्या यंत्राचा एकेक सूर रेकॉर्ड करून बनवलेले, साध्या कीबोर्डवर वाजवायचे आवाजांचे संच) घ्यायचे म्हणून दोन महिने डेमो उतरवून ऐकतोय. मत पक्कं झालंय आणि ते भांडण्याजोगं आहे, म्हणून धागा काढला.

म्हणणं एवढंच: पट्टी दाबून ठेवली की ज्या संचातला सूर अखंड वाजत राहतो, तो मेलोट्रॉन नव्हे. फुकट मिळाला तरी घेऊ नये.

यंत्र ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मेलोट्रॉन हा 1963 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला तयार झालेला कीबोर्ड. आवाज निर्माण करणारं सर्किट आत नाहीच. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, आणि तिच्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला तेवढाच एक सूर. पट्टी दाबली की फीत फिरत्या दांड्यावर आणि हेडवर दाबली जाते, सरकत सरकत खालच्या खोक्यात जमा होते. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते. फीत पुरते साधारण आठ सेकंद, मग गप्प. 1970 च्या एम400 ला अशा 35 पट्ट्या, 35 फिती, आणि प्रत्येक फितीवर शेजारी शेजारी तीन ट्रॅक. नेहमीचा संच म्हणजे व्हायोलिन, बासरी, चेलो.

मात्रेला एक सेकंद धरला तर आठ सेकंद म्हणजे केरव्याचं एक आवर्तन. पुढच्या समेला तुमचा सूर मेलेला असणार. मग वादक काय करायचे? अख्खी कॉर्ड धरून बसायचेच नाहीत. एक बोट उचलून पुन्हा टेकवायचं, मग दुसरं, मग तिसरं. कोळी चालल्यासारखी बोटं सरकत राहायची. फीत पुन्हा सुरुवातीपासून निघते, त्यामुळे प्रत्येक वेळी गज तारेला लागल्याचा तो पहिला खरखरता स्पर्श ऐकू येतो. आपण ज्याला 'मेलोट्रॉनचा आवाज' म्हणतो त्यातला अर्धा इथून येतो. लूप लावलात, म्हणजे सुराचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवलात, की ही गरजच संपते. उरतो तो नुसता जुनाट वासाचा सिंथ-पॅड, मागे भरून राहणारा सिंथेसायझरचा लांब आवाज.

लूपवाला_ठाणे

दादा, मी मालिकांचं पार्श्वसंगीत करतो. आमच्याकडे सासू सुनेकडे चौदा सेकंद बघते. तिन्ही कोनांतून. आठव्या सेकंदाला कोरस बंद पडला तर दिग्दर्शक मला विचारणार की बर्मिंगहॅमला?

विनोद सोडा. त्या यंत्राचा आवाज मला आवडतो, त्याची अडचण आवडत नाही. आठ सेकंदांची मर्यादा त्यांनी हौसेने ठेवली नव्हती, फितीची लांबीच तेवढी मावत होती. दुप्पट मावली असती तर त्यांनी सोळा सेकंदांची घातली असती आणि तुम्ही आज सोळा सेकंदांच्या सौंदर्यावर धागा काढला असतात.

पायपेटी

सोळाचं मान्य. पण ते झालं नाही. झालं ते आठ, आणि 1967 पासूनची सगळी गाणी त्या आठात बसवून वाजवलेली आहेत.

काळी_दोन

दोघांनाही बाजूला सारून एक हिशेब मांडतो. 35 पट्ट्या, प्रत्येकी 8 सेकंद, मोनो, 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ: एक आवाज साधारण 25 एमबी. लग्नाच्या दोन फोटोंएवढा! लूप लावायची सवय पडली ती जुन्या हार्डवेअर सॅम्पलरमुळे. 1986 च्या अकाई एस900 ला स्मृती होती 750 केबी. त्यात एक अख्खा मेलोट्रॉन बसवायचा तर सूर कापून लूप करा, दर तिसरा-चौथा सूरच घ्या आणि मधले ताणून भरून काढा. तेव्हाची ती मजबुरी होती. आज एखादा संच तसाच बनवलेला असेल तर तो शुद्ध आळस.

आणि माझ्या मते लूपपेक्षा हे ताणणं वाईट. फितींवर 35 सूर वेगवेगळे वाजवून घेतलेत. व्हायोलिनवाल्याचा हात प्रत्येक सुराला थोडा वेगळा हलतो. तुम्ही एकच सूर ताणून चार केलेत की वरच्या सुराचा कंप चढत्या वेगाने थरथरतो, खालच्याचा सुस्तावतो. संच पारखायची सोपी युक्ती: लागोपाठ चार पट्ट्या एकेक करून, लांब धरून वाजवा. कंपाची गती पायरीपायरीने चढत गेली तर पैसे खिशातच ठेवा.

लूपवाला_ठाणे

हे मात्र शंभर टक्के. ताणलेली बासरी म्हणजे मच्छर.

शिळोप्याचा

मी नाटकांचं ध्वनिसंयोजन स्पूल टेपवर केलंय, बरीच वर्षं. ब्लेडने टेप तिरकी कापून चिकटवण्यात डाव्या अंगठ्याचं कातडं गेलं. तेव्हा जरा अधिकाराने बोलतो.

तुम्ही मुलं ज्या 'हिस'वर (टेपची सूं-सूं) आणि 'वॉबल'वर (सुराचं डुलणं) भाळलात, ते घालवण्यात आमची हयात गेली. परवा नातवाने एक प्लगिन दाखवलं. त्यात हिस वाढवायला वेगळं बटण! मी हसून हसून बेजार. उद्या ताकात माशी घालायचं बटण काढतील.

पण पायपेटी यांचा एक मुद्दा बरोबर आहे, फक्त कारण चुकलं. आठ सेकंदांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे टेप *सुरू* होणं. थांबलेली फीत फिरत्या दांड्याला चिकटते तेव्हा पूर्ण वेग धरायला तिला क्षणभर लागतो. तो क्षण म्हणजे सुराच्या तोंडाशी किंचित घसरण. नीट बारकाईने ऐका, सूर खालून वर चढून जागेवर बसतो. काही संचांत ही सुरुवात 'स्वच्छ' करून कापून टाकतात, पट्टी दाबली की लगेच आवाज यावा म्हणून. तिथे यंत्र मेलं. शेवटाला थांबो की न थांबो, माझी तक्रार नाही.

पायपेटी

काका, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल रात्री तीन डेमो पुन्हा लावले. दोनांत सुरुवात कापलेली आहे.

तंतुवाद्य

मला एक कळत नाही. व्हायोलिनचा आवाज हवा तर व्हायोलिनवाला का बोलवत नाही?

आमच्या घरात गोव्याकडून मुंबईत आलेल्या दोन पिढ्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत आल्या. सिंथेसायझर आले, चाळीस व्हायोलिनांची जागा एका माणसाने आणि दोन कीबोर्डनी घेतली, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. घरी फोन वाजायचा कमी झाला, तो ऐकलाय. मेलोट्रॉन आला तेव्हा इंग्लंडातल्या वादक-संघटनेलाही हीच धास्ती होती. आणि आता तुम्ही त्या नकलेची नक्कल अस्सल कोणती यावर भांडताय.

अस्सलपणाचंच बोलायचं तर मेलोट्रॉनसुद्धा मूळचा नाही. कल्पना कॅलिफोर्नियाच्या हॅरी चेंबरलिनची. त्याचा विक्रेता बिल फ्रान्सन त्याची दोन यंत्रं घेऊन 1962 मध्ये इंग्लंडात आला, एकसारखी 70 टेप-हेड बनवून देणारा कारखाना शोधत. ब्रॅडली बंधूंच्या ब्रॅडमॅटिकने होकार दिला, आणि हे यंत्र दुसऱ्याच कुणाचं आहे ते त्यांना नंतर कळलं. पुढे चेंबरलिनशी तडजोड करावी लागली. कशाची शुद्धता जपताय?

काळी_दोन

ताई, वादक बोलावण्याबद्दल दुमत नाही. पण मेलोट्रॉन व्हायोलिनसारखा वाजतच नाही, म्हणून तर तो टिकला. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'च्या सुरुवातीची बासरी घ्या. मेलोट्रॉनच्या मार्क 2 मॉडेलवर वाजवलेली आहे. जिवंत बासरीवाला ती तशी वाजवणार नाही, त्याला मधे श्वास घ्यावा लागेल आणि कॉर्ड तर वाजवताच येणार नाही. ही तिसरीच वस्तू आहे. पेटी पाश्चात्त्य म्हणून आकाशवाणीने तिला 1940 पासून तीसेक वर्षं बाहेर ठेवलं, मींड येत नाही, श्रुती लागत नाही म्हणून. आज भजनी मंडळातून पेटी काढून दाखवा.

तंतुवाद्य

पेटीने कुणाच्या पोटावर पाय दिला हे सारंगीवाल्यांना विचारा.

काळी_दोन

...याला माझ्याकडे उत्तर नाही.

ब्रमकर

बर्मिंगहॅमहून नमस्कार. 'मला की बर्मिंगहॅमला विचारणार' वाचलं, म्हणून हजर झालो.

इथल्या एका ओळखीच्याकडे एम400 आहे, चार-पाचदा वाजवलाय. उचललाही आहे, दोघांनी, एका जिन्यावरून. पन्नास किलोच्या वर भरतो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही.

तुमची सगळी चर्चा 'मेलोट्रॉनचा आवाज' एकच आहे असं धरून चाललीय. तसं नाही. या पट्ट्यांना पियानोसारखं जोरात-हळू नसतं, पण दाब असतो. हलकं दाबलं तर फीत हेडला नीट टेकत नाही, आवाज घोगरा आणि थरथरता येतो. सहा पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटर कण्हते आणि सगळी कॉर्ड बोटभर खाली येते. आणि सूर सोडून लगेच पुन्हा दाबला तर फीत पूर्ण मागे गेलेली नसते. मग सूर मधूनच सुरू होतो, गजाच्या त्या खरखरत्या तोंडाशिवाय. ओळखीच्याच्या यंत्रात वरचा एक सा नेहमी थोडा कोमट लागतो, पट्टीखालचं नमद्याचं पॅड झिजलंय म्हणून. त्याला ते बदलायचं नाही. म्हणतो, ओळख आहे ती माझी.

म्हणून संच घेताना मी विचारेन: कुठल्या मॉडेलचे, आणि नुकत्याच दुरुस्त केलेल्या यंत्राचे की दमलेल्या? इथल्या स्ट्रीटलीवाल्यांनी 2007 मध्ये खऱ्या फितीचा नवा एम4000 काढला, तो नीट सुरात वाजतो. लोक त्यालाही नावं ठेवतात, फारच सुरात आहे म्हणून!

लूपवाला_ठाणे

म्हणजे खऱ्या यंत्रात कॉर्डनुसार मोटर दबते. सॅम्पल्समध्ये ते येणारच नाही, कारण प्रत्येक सूर एकटा वाजवून रेकॉर्ड केलेला असतो. मग पायपेटींचा आठ सेकंदवाला संचही खोटाच की. खोट्यातलं सोयीचं खोटं मी निवडलं तर माझं चुकलं कुठे?

पायपेटी

बिनतोड आहे. मोटरचं मला जमत नाही. काही संचांत ती घसरण सॉफ्टवेअरने नंतर घालतात, पण मी ऐकल्या त्या सगळ्या कॉर्डमागे एकसारख्या घसरतात. पाळण्यात बसल्यासारखं वाटतं.

तरी मागे हटत नाही. खोटं खोटंच, पण काही खोट्या गोष्टी तुमचा हात बदलतात आणि काही बदलत नाहीत. अखंड सूर मिळाला की मी सवयीने पॅड वाजवतो, डाव्या हाताने कॉर्ड दाबून उजव्या हाताने चहा पितो. आठ सेकंदांचा संच लावला की पाचव्या सेकंदापासून मनात मोजणं सुरू होतं. मग कॉर्ड बदलतो, उलटी करतो, आतला एखादा सूर हलवतो. गेल्या महिन्यात केलेल्या दोन चालींत असे सूर आलेत जे मला एरवी सुचले नसते.

ज्यांनी खासगीत 'मग घेऊ काय' असं विचारलं त्यांना: 35 च्या 35 सूर वेगळे आहेत ना, सुरुवात कापलेली नाही ना, आणि लूप बंद करायचं बटण आहे ना, एवढं बघा. व्हेलॉसिटी (पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा होणं) बंद करा, आवाज पायाच्या पेडलने वरखाली करा. नॉर्डचा कीबोर्ड असेल तर कंपनीच्या लायब्ररीतून मेलोट्रॉनचे आवाज मोफत उतरवता येतात, खर्च करण्याआधी ते ऐका.

शिळोप्याचा

आणि हिसचं बटण शून्यावर.

पायपेटी

काका, दोनवर.

शिळोप्याचा

शून्यावर. हिस आपोआप येते, घालावी लागत नाही.

तंतुवाद्य

मी अजूनही म्हणते, तीन व्हायोलिनवाले बोलवा. फितीवरचे वादक एकदा वाजवून घरी गेले. साठ वर्षं त्यांचाच हात विकला जातोय, आणि त्यांची नावं या सबंध धाग्यात एकदाही आलेली नाहीत. मलाही ठाऊक नाहीत.

लूपवाला_ठाणे

चार दिवसांनी परत येतोय. पायपेटींच्या नादाने एका भागात लूप बंद केला. कोरस, आठ सेकंदांचा, कोळ्याची बोटं वगैरे सगळं. सून खिडकीशी उभी आहे, बाहेर पाऊस. रात्री दीडपर्यंत वाजवत बसलो आणि खरं सांगतो, मजा आली. दिग्दर्शकाने ऐकलं आणि पहिलं वाक्य: 'कोरस असा धापा का टाकतोय?'

पायपेटी

म्हणजे त्याला तिथे माणसं ऐकू आली!

लूपवाला_ठाणे

ऐकू आली, आणि काढून टाकायला सांगितली. लूप परत लावलाय. सकाळी सातला फाईल द्यायचीय, झोपतो.