संडे हॉकी लीगमधलं अंपायरिंग : वर्गणी भरून हे किती दिवस सहन करायचं?

लेफ्टहाफ_मिरज :
एरवी मी नुसता वाचणारा माणूस, पण काल रात्री झोपच लागली नाही म्हणून लिहितोय. आमची मिरजेत रविवारी सकाळी हॉकीची लीग चालते. आठ टीम, सगळे नोकरी-धंदेवाले, कोण मेडिकलवाला, कोण शिक्षक, दोघं द्राक्षबागवाले आहेत ते छाटणीच्या दिवसात गायबच असतात. टर्फबिर्फ काही नाही, मुरमाचं मैदान, आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी फक्की टाकायची की झालं सुरू. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. टीममागे सीझनला चार हजार वर्गणी, त्यातून अंपायरला मॅचमागे अडीचशे. नियमाप्रमाणे दोन अंपायर लागतात, अर्धं अर्धं मैदान वाटून, पण परवडत नाही म्हणून आमच्याकडे एकच.

तर काल १-१ होतं, शेवटची तीन-चार मिनिटं राहिलेली. त्यांच्या फॉरवर्डनं आमच्या गोलाच्या डाव्या अंगानं डीच्या (गोलासमोर फक्कीनं आखलेल्या भागाच्या) बाहेरून, शपथेवर सांगतो दोन हात बाहेरून, सणकून फटका मारला. बॉल मध्ये कुणालाही न लागता सरळ गोलात. आमचा कीपर मुद्दाम हललाच नाही, कारण डीच्या आत अटॅकरची स्टिक लागल्याशिवाय गोल धरत नाहीत हे शाळेतल्या पोरालाही माहिती असतं. आणि अंपायरसाहेब कुठं? सेंटर लाईनवर, कमरेवर हात ठेवून. शिट्टी वाजली, दोन्ही हात सेंटरकडे. गोल! कीपर हेल्मेट काढून विचारायला गेला तर त्यालाच हिरवं कार्ड, दोन मिनिटं बाहेर बस. मग काय, डबक्यात गेली मॅच.

बरं हे एकच नाही. पहिल्या हाफमध्ये फ्री हिट मिळाल्यावर मी स्वतःच बॉल ढकलून पळालो तर म्हणे 'दोनदा मारला', उलटी फ्री हिट. अहो सेल्फ पास २००९ पासून आहे नियमात! चुका होतात मान्य आहे, आम्ही पण सोपे ट्रॅप सोडतो. पण नियमच माहिती नसणं आणि जागेवरून न हलणं ह्याला चूक म्हणत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे, वर्गणी वाढवा आणि कोल्हापूरहून शिकलेले दोन अंपायर आणा, नाहीतर टीमला एखादा अंपायर नको म्हणायचा हक्क द्या.

बॅकस्टिक :
शंभर टक्के सहमत. आमच्या मॅचला तर शॉर्ट कॉर्नर (फाऊलबद्दल गोलाजवळून मिळणारी हक्काची संधी) म्हणजे प्रसाद झालाय, संयोजकांच्या टीमला ओंजळ भरून आणि बाकीच्यांना चिमूटभर. सगळ्यांना दिसतं पण बोलणार कोण, मैदान त्यांच्या वशिल्यानं मिळतं ना.

लेफ्टहाफ_मिरज :
बॅकस्टिक, तसं मी म्हणत नाही हां. माणूस खोटा नाही, फक्त जमत नाही. दोन्हीची भेसळ करू नकोस, नाहीतर उद्या सगळे म्हणतील हरले म्हणून रडतायत.

भडंग_आणि_चहा :
ते तर मी आत्ताच म्हणणार होतो 😄 रडतायच की.
भावा, चाळीस मिनिटांची मॅच असते त्यातली सहा-सात मिनिटं तुम्ही लोक अंपायरभोवती गराडा घालून उभे असता. काल मी बाहेर बसून बघत होतो, तुझ्या टीमचे पाच जण एकदम ओरडत होते आणि पाच जणांचे पाच वेगळे मुद्दे होते. एक फूट (बॉल पायाला लागला) म्हणतोय, एक बॅकस्टिक (स्टिकच्या उलट्या बाजूनं मारला) म्हणतोय, एकाला तर अजून ऑफसाईड पाहिजे होतं, जे नव्वदच्या दशकातच गेलं. नियम माहिती नसल्याचं अंपायरला बोलताना आधी आपली टीम बघ.
पॅरिस ऑलिम्पिक आठवतंय का? ४ ऑगस्ट २०२४, ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनल, १७ व्या मिनिटाला आपल्या रोहिदासला रेड कार्ड. सगळा देश म्हणत होता अन्याय आहे म्हणून. पोरांनी काय केलं? उरलेला सगळा वेळ दहा जणांत खेळून १-१ धरून ठेवलं आणि शूटआऊटमध्ये ४-२ नं काढली. आपला कीपर श्रीजेश अंपायरच्या अंगावर धावून गेला असता तर सेमी दिसली नसती.

लेफ्टहाफ_मिरज :
अर्धंच सांगतोस तू. मॅचनंतर हॉकी इंडियानं अंपायरिंगबद्दल रीतसर तक्रार केली होती की. आणि रोहिदास सेमीफायनलला बाहेरच बसला, जर्मनीकडून ३-२ नं गेली ती. म्हणजे खेळायचं पण आणि तक्रार पण करायची. आमच्याकडे तक्रार कुणाकडे करू? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं तर ॲडमिननं 'खेळाडूवृत्ती ठेवा 🙏' टाकून ग्रुपच बंद केला दोन दिवस.

कंदी_पेढा :
साताऱ्याहून दोन शब्द. पैसे वाचवायला आम्ही दोन वर्षांपूर्वी असं केलं होतं की प्रत्येक टीमनं दुसऱ्यांच्या मॅचला दोन माणसं अंपायर म्हणून द्यायची. कागदावर झकास. प्रत्यक्षात काय झालं सांगतो, पहिले दोन आठवडे ठीक, तिसऱ्या आठवड्यात ज्यांना आम्ही शॉर्ट कॉर्नर दिला नव्हता तेच आमच्या मॅचला शिट्टी घेऊन उभे. हिशेब चुकता! मागच्या भांडणाची उधारी पुढच्या रविवारी वसूल. आणि पॉईंट टेबलात ज्यांना कोण हरलेलं पाहिजे ते दिसतंच असतं. शेवटी बंद केलं.
एक गोष्ट मात्र त्यातून झाली. जे पाच-सहा जण शिट्टी घेऊन उभे राहिले त्यांची तोंडं कायमची बंद झाली. मी त्यातला एक. डीमध्ये सात-आठ स्टिका एकदम आपटत असतात, मुरमाची धूळ उडालेली, त्यात पायाला लागला की स्टिकला लागला हे एका सेकंदात सांगायचं. मी पहिल्या मॅचला चक्क आवाजावर निर्णय दिले.

बॅकस्टिक :
आवाजावर 😂 म्हणजे आमच्याकडे तेच चालतं तर.

राईटइन_ताई :
सगळे गोलाचं बोलताय म्हणून मी वेगळं बोलते. मी सांगलीत मुलींना शिकवते, वीसेक मुली आहेत. फलटण तालुक्यातल्या आसूच्या वैष्णवी फाळकेनं, वाखरीच्या अक्षता ढेकळेनं भारताकडून खेळायला सुरुवात केल्यापासून आईबाप स्वतःहून पोरी आणून सोडतात, आधी आम्ही घरोघर फिरायचो. माझ्या वीसेकींतल्या दोन मुली आम्ही ह्या लीगमध्ये सरावाला खेळवल्या. मला गोल दिला की नाही ह्याचं काही नाही वाटत. मला राग येतो तो उडालेल्या बॉलला शिट्टी न वाजल्याचा. शॉर्ट कॉर्नरला पाच मीटरच्या आत उभ्या डिफेंडरला पहिला फटका गुडघ्याच्या वर लागला तर तो धोकादायक धरून डिफेन्सला फ्री हिट देतात. आमच्या मुलीच्या भुवईला लागला, पाच टाके. आणि पुकारा काय तर परत शॉर्ट कॉर्नर! कारण काय म्हणे ती 'मध्ये आली'. मी त्या दिवसापासून मुलींना तिथं पाठवत नाही. चुकीच्या गोलानं कुणाचा डोळा जात नाही, चुकीच्या ह्या पुकाऱ्यानं जाईल.

भडंग_आणि_चहा :
ताई, हे मात्र खरं. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शिट्टीवाला :
मीच तो. पोरानं मोबाईलवर धागा दाखवला म्हणून लिहितोय, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.
वय ५९. तीस वर्षं कंडक्टरकी केली, सुट्ट्या पैशांवरून जेवढ्या शिव्या खाल्ल्या नाहीत तेवढ्या ह्या लीगमध्ये दोन सीझनला खाल्ल्या. तासगावहून येतो, अडीचशेतले शंभर पेट्रोलला जातात. सलग तीन मॅच, मध्ये कुणी पाणी विचारत नाही. उजवा गुडघा गेलाय, म्हणून सेंटरला उभा राहतो, लपवत नाही. मैदान ९१ मीटर लांब, एकटा माणूस दोन्ही डीपर्यंत पळणार कसा हे तुम्हीच सांगा. इकडच्या डीजवळ उभा राहिलो की तिकडचे ओरडणार. म्हणून मधली जागा, दोन्हीकडचं निम्मं निम्मं दिसतं.
सेल्फ पासचं माझं चुकलं. आम्ही खेळायचो तेव्हा नव्हता, डोक्यात बसत नाही पटकन.
कीपरला कार्ड दिलं ते गोलासाठी नाही. तो काय बोलला ते इथं लिहिता येणार नाही. आणि कॅप्टन बाजूला उभा राहून हसत होता. कॅप्टनला वाद घालायचा वेगळा हक्क नियमात नाही, उलट टीमच्या वागणुकीची जबाबदारी त्याची असते, त्यात कसूर केली तर कार्ड त्यालाही देता येतं. मी दिलं नाही.
ताईंच्या मुलीच्या दिवशी मी नव्हतो, दुसरे होते. पण मी असतो तरी एवढ्या लांबून गुडघ्याच्या वर का खाली दिसलं असतं असं छातीठोक सांगत नाही.

लेफ्टहाफ_मिरज :
काका, कीपरनं शिवी दिली हे मला माहिती नव्हतं. ते कार्ड बरोबर. पण गोलाचं काय? दोन हात बाहेर होता हो तो.

सुतळी_आणि_खिळा :
मी मोजणीचं काम करतो म्हणून पहिल्यापासून हाच प्रश्न मनात होता, तुमचा डी आखतो कोण आणि कसा?

लेफ्टहाफ_मिरज :
पहिली मॅच ज्यांची त्यांनी फक्की मारायची अशी पद्धत आहे. काल आमची होती. गोलाच्या बरोबर मध्ये खिळा ठोकायचा, १४.६३ मीटर सुतळी, गोल फिरवायचं. का?

सुतळी_आणि_खिळा :
मग संपलं की ओ. डी म्हणजे अर्धं वर्तुळ नसतं. दोन्ही खांबांपासून १४.६३ ची दोन पाव वर्तुळं काढायची आणि ती मध्ये सरळ रेघेनं जोडायची, ती रेघ गोलाच्या रुंदीएवढी, ३.६६ मीटर. म्हणजे खिळे दोन, प्रत्येक खांबापाशी एक. तुम्ही मध्यातून फिरवलं तर गोलासमोर बरोबर येतं, पण बाजूला डी आखडतो. गोललाईनवर १.८३ मीटर म्हणजे सहा फूट कमी. तिरक्या कोनात, तू म्हणतोस तसं डाव्या अंगाला, धरून चाल सव्वा मीटर, चारेक फूट. दोन हात म्हणजे तीन फूट. तुमच्या फक्कीच्या बाहेरून मारलेला तो फटका खऱ्या डीच्या आतून होता.

भडंग_आणि_चहा :
अरारारा 🤣🤣 सुतळी कुणी धरली होती रे?

लेफ्टहाफ_मिरज :
मीच.

बॅकस्टिक :
थांबा थांबा, असं कसं? मैदानावर जी लाईन आखली तीच लाईन. कीपर त्या लाईनकडे बघून थांबला ना? खरा डी कुठं हवेत होता ते त्यानं कसं बघायचं? आखलेल्या लाईनच्या बाहेरून आहे म्हणजे गोल नाही, विषय संपला. नाहीतर उद्या क्रिकेटवाले म्हणतील खरी बाउंड्री दहा फूट आत आहे, आमचा सिक्स धरा.

कंदी_पेढा :
बॅकस्टिकचं पटतंय मला. पण दोन्ही टीमना तोच वाकडा डी होता हेही आहे, तुमचेही काही फटके असेच गेले असतील. आणि खरं सांगा, सातच्या मॅचची फक्की पावणेआठला दिसते तरी का? आमच्याकडे दुसऱ्या हाफपर्यंत डीची अर्धी रेघ बुटांना लागून घरी जाते.

लेफ्टहाफ_मिरज :
कंदी_पेढा, दिसत होती. फिकट होती पण दिसत होती. आणि सुतळीवाले, तुमचं गणित मान्य, पण काकांना ते गणित माहिती होतं म्हणून गोल दिला का? ते चाळीस-पंचेचाळीस मीटरवर उभे होते, त्यांना ना खरा डी दिसला ना खोटा. चुकून बरोबर आलं त्याला अंपायरिंग म्हणायचं का? त्यामुळे दोन अंपायर पाहिजेत ही माझी मागणी कायम आहे. कोल्हापूरचे नकोत तर नकोत, आठ टीमनी आणखी पाचपाचशे काढले तर दुसरा माणूस मिळतो. राईटइन ताईंच्या मुली परत याव्यात असं वाटत असेल तर निदान डीजवळ कुणीतरी उभं पाहिजे.

राईटइन_ताई :
दोन अंपायर आणि कीपर सोडून सगळ्या डिफेंडरना शॉर्ट कॉर्नरला फेस मास्क, एवढं लिहून द्या ग्रुपवर. मग बघू. मास्क आमच्याकडे चार आहेत, वापरायला देईन.

भडंग_आणि_चहा :
पाचशे मी काढायला लावतो आमच्या टीमला. पण अंपायरशी एकच जण बोलणार, बाकीचे पाच मीटर लांब, हे पण लिहा. नाहीतर दुसराही पळून जाईल.

शिट्टीवाला :
गोल मी बॉलच्या रेषेवरून दिला, अंदाजच होता, खोटं कशाला बोलू.
येत्या रविवारी साडेसहाला येतो, डी मी आखतो. खिळे दोन आणा. आणि सुतळी कापसाची पाहिजे, नायलॉनची ताणली की लांबते.

लेफ्टहाफ_मिरज :
नायलॉनचीच होती.