मालिकांचं न आलेलं संगीत : तुम्हाला कोणता तुकडा हवा आहे? (खान्देशकरांचा अनुभव धागा)

मंडळी, शीर्षकगीतांची यादी करायला हा धागा काढलेला नाही. ती फोनवर मिळतात, गॅदरिंगला वाजतात, कोणाच्या ना कोणाच्या रिंगटोनला असतात. मी विचारतोय ते मधल्या संगीताबद्दल. कोणी पायऱ्या उतरत असताना वाजून गेलेली बासरी, भाग संपता संपता नावांच्या खालून निघून गेलेलं समूहगान, दोन प्रसंगांच्या मधला सतारीचा तुकडा. जे तुम्ही कॅसेटच्या दुकानात जाऊन मागितलं आणि दुकानदाराने तुमच्याकडे वेड्यासारखं बघितलं, ते.

१९८८ सालच्या दोन मालिका घ्या. 'मिर्झा गालिब'च्या जगजित-चित्रा सिंग यांनी गायलेल्या गझला कॅसेटवर आल्या, म्हणून मालिका न पाहिलेल्यांनाही त्या पाठ आहेत. 'भारत एक खोज'ला वनराज भाटियांचं संगीत होतं, ५३ भागांचं. मला ते ऐकायचं झालं की अख्खा भाग लावावा लागतो आणि ओम पुरींच्या निवेदनाखालून जे झिरपेल तेवढ्यावर भागवावं लागतं. निवेदन उत्तमच आहे हो, पण मला त्याच्या मागचं हवंय.

लिहा. गाव आणि काय करता एवढं सांगा, नाव नको. अहिराणी, लेवा, प्रमाण, काहीही चालेल.

— जळगाव, धागा काढणारा

अमळनेर, निवृत्त संस्कृत शिक्षक

'भारत एक खोज'चा विषय तुम्हीच काढलात म्हणून. सुरुवातीला नासदीय सूक्त, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं. शेवटी हिरण्यगर्भ सूक्त, त्याच मंडलातलं १२१ वं. दोन्हींचा हिंदी अनुवाद वसंत देवांचा. सुरुवातीचं सगळ्यांना आठवतं. शेवटचं फार थोड्यांना, कारण तोवर घरातला कोणीतरी उठून टीव्ही बंद करायचा. आमच्याकडे मी बंद करू द्यायचो नाही, त्यावरून आंघोळीच्या नंबरचे वाद व्हायचे.

मी वर्गात दोन्ही सूक्तं शिकवली. इथे गावात तत्त्वज्ञान मंदिर आहे, १९१६ पासूनचं, म्हणजे सत्-असत् हा विषय अमळनेरला अगदीच परका नाही. पण पोरांना ऋचा म्हणून दाखवल्या की ती जांभया देत. एकदा मालिकेचा तुकडा ऐकवला, आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, हे भीती वाटण्यासारखं आहे." त्याला बरोबर कळलं होतं. भाटिया लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत शिकलेले, पुढे पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. पाश्चात्त्य पद्धतीचा समूहस्वर त्यांनी वेदाच्या शब्दांना दिला आणि तो उपरा वाटला नाही.

मला हवं ते हे : दोन्ही सूक्तांचं ध्वनिमुद्रण, कात्री न लागलेलं, नुसतं. गायकवृंदातल्या प्रत्येकाच्या नावासकट.

रावेर तालुका, केळी बागायतदार

आमच्याकडे रविवारी लाईट हमखास जायची. घरात चौदा इंची काळा-पांढरा पोर्टेबल टीव्ही, तो बारा व्होल्टवर चालायचा. वडील ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे, लाल चिमटा एकीकडे, काळा एकीकडे, आणि ओट्यावर अर्धी गल्ली. बॅटरी उतरायला लागली की आधी चित्र आकसायचं, चारी बाजूंनी काळी चौकट यायची. आवाज मात्र बराच वेळ टिकायचा. त्यामुळे 'मालगुडी डेज'चे कित्येक शेवट मी नुसते ऐकले आहेत. त्यातला पोरगा स्वामी पळतोय की बसलाय ते संगीतावरून ओळखायचं.

म्हणून मला ते 'ता ना ना' नको. ते आता सगळ्यांना येतं, माझ्या सूनबाईलाही. स्वामी आजीजवळ बसतो तेव्हाचं मंद वाजणारं जे आहे, ते मले पाहिजे. आई विचारायची, "काय झालं रे, चित्र गेलं काय?" मी म्हणायचो, गेलं, पण थांब, अजून सुरू आहे.

पारोळा, पोस्टातून निवृत्त

'सुरभि', दूरदर्शनवरचा सांस्कृतिक कार्यक्रम, प्रश्नाचं उत्तर पत्राने मागवायचा. १९९० ते २००१. आमच्या खात्याला त्या कार्यक्रमाने घाम फोडला होता. एका आठवड्यात १४ लाखांवर पत्रं गेली होती त्यांना. पंधरा पैशांच्या कार्डावर सगळा देश उत्तरं पाठवतोय म्हटल्यावर स्पर्धेसाठी वेगळं, दोन रुपयांचं कार्ड काढावं लागलं. पारोळ्यातून जाणाऱ्या गठ्ठ्यांवर शिक्के मारणाऱ्यांत मी होतो. शाळेची पोरं एकाच अक्षरात दहा-दहा कार्डं टाकायची, मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलेलं उत्तर.

तिचं शीर्षक संगीत डॉ. एल. सुब्रमण्यम यांचं. व्हायोलिन सुरू झालं की आमच्या घरात पापड लाटणाऱ्या बायासुद्धा लाटणं थांबवायच्या. किती वाजायचं? एक मिनिट? तेवढ्यात मुळीच पोट भरत नाही. त्या चालीवर सुब्रमण्यम निवांत अर्धा तास वाजवताहेत असं काही असेल तर मी पेन्शनमधून पैसे मोजीन.

भुसावळ, रेल्वे

पारोळ्याच्या काकांना आणि रावेरच्या भाऊंना एकदम उत्तर. 'मालगुडी'चं संगीत एल. वैद्यनाथन यांचं, 'सुरभि'चं एल. सुब्रमण्यम यांचं. दोघे सख्खे भाऊ. तिसरे एल. शंकर, तेही व्हायोलिनवाले. म्हणजे तुम्ही दोघं एकाच घरातलं मागताय!

मी लोको शेडमधला माणूस, मला मालगुडीचं स्टेशन प्यारं. कर्नाटकातल्या अरसाळू स्टेशनवर ते चित्रीकरण झालं होतं, आणि २०२० साली रेल्वेने तिथल्या जुन्या इमारतीचं मालगुडी संग्रहालय केलं. विटा-कौलांचं जतन झालं, चांगलंच झालं. आता संगीताचंही करा. वैद्यनाथन २००७ मध्ये गेले. मालिकेचे दिग्दर्शक शंकर नाग तर १९९० मध्येच, पस्तिशीत. त्यांच्याकडून काही समजून घ्यायचं राहिलं ते राहिलंच, निदान रिळं तरी बघा कुठे आहेत.

धुळे तालुका, शेती

आमना गावमा तवय एकच टीव्ही व्हता, पाटीलसना वसरीमा. मोगलीनं गानं लागनं का आम्ही पोरे वावरमाईन पयत येऊत. गानं ते आते फोनमा बी मियस. पन मधमा लांडगा पयतस तवय जे वाजे ना भाऊ, ते कोठेच भेटत नही. माले ते जोयजे. मन्हा पोऱ्या म्हनस, पप्पा, ते जपानमा तयार व्हयेल शे, तठे शोधा. आते जपानमा कोन शे आपलं?

*(धागा काढणाऱ्याकडून : पोरगं बरोबर सांगतंय, आप्पा. कार्टून जपानी, १९८९ चं. आपल्याकडे १९९३ मध्ये आलं तेव्हा गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी फक्त शीर्षकगीत नवं केलं. तुमचं लांडग्याचं संगीत जपानीच असणार.)*

चाळीसगाव, गृहिणी, शिवणकाम

'आभाळमाया', १९९९. अल्फा मराठी नवं नवं आलं होतं आणि केबलवाल्याने आमच्या गल्लीत ते आधी दाखवलं, म्हणून शेजारच्या गल्लीतल्या बायका आमच्याकडे. मंगेश कुळकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. गाणं आहेच माझ्याकडे. मला हवी आहे ती तीच चाल नुसत्या वाद्यांवर, मालिकेत मध्येच हळू यायची ती. सुकन्याताई काही न बोलता उभ्या आहेत आणि ती चाल येते, की माझं मशीन थांबायचं. शब्द असले की मी गुणगुणते. शब्द नसले की मला माझंच काहीबाही आठवतं, ते लिहीत नाही इथे.

धरणगावकडचा वहीगायक

'भारत एक खोज'मध्ये महाभारताच्या गोष्टीला तीजनबाई आहेत. पंडवानी, म्हणजे छत्तीसगडची महाभारत गाऊन सांगायची रीत. हातात तंबुरा, तीच गदा, तोच भीमाचा दंड. आमच्या वहीगायनात डफ असतो आणि मागे झिलकरी, पण गोष्ट पुढे रेटायची रीत तीच. आमचे बुवा ते बघून म्हणाले होते, "ही बाई आपल्यातलीच." मालिकेत ती मिळते तुकड्या-तुकड्यांत, मध्ये नाट्यप्रसंग येतात. ती त्या दिवशी कॅमेऱ्यापुढे सलग किती गायली असेल! कापून टाकलेलं ते सगळं मला ऐकायचंय. वाईट वाटून घेऊ नका, पण बाकीच्यांच्या बासऱ्या-व्हायोलिनी मला त्यापुढे किरकोळ वाटतात.

धुळे, पूर्वी मुंबईत ध्वनिमुद्रण साहाय्यक

इथे बऱ्याच जणांना वाटतंय की प्रत्येक भागाचं संगीत वेगळं करून कुठेतरी कपाटात ठेवलेलं आहे. दर आठवड्याला भाग द्यायचा असे, पैसा बेताचा. पुष्कळ मालिकांत संगीतकार एक-दोन बैठकांत तुकडे वाजवून घ्यायचा : आनंदाचा, दुःखाचा, धास्तीचा, प्रवासाचा. पाव इंची स्पूलवर, म्हणजे टेपच्या रिळावर. मग संकलक लागेल तो तुकडा लागेल तिथे डकवायचा. तुम्ही ज्याला 'त्या प्रसंगाचं संगीत' म्हणता, ते तीन भाग आधी दुसऱ्याच प्रसंगाला वाजून गेलेलं असण्याची शक्यता बरीच.

पुढे संवाद, आवाज आणि संगीत एकत्र करून एकच मोनो पट्टी व्हायची आणि प्रसारणासाठी यू-मॅटिक या व्हिडिओ कॅसेटवर जायची. मूळ स्पूल हे मधलं काम. मधल्या कामाला जागा कोण देणार? स्पूल महाग, पुसून पुन्हा वापरायचे. डबिंग व्हायचं असेल तर संगीत आणि आवाजांची संवादाविना पट्टी राखून ठेवत, म्हणून जी मालिका दोन-तीन भाषांत गेली तिची आशा जास्त. 'मालगुडी' इंग्रजीत आणि हिंदीत झालं होतं. मी तुमच्या जागी असतो तर आधी तिथे हात घातला असता.

टिकलेल्या स्पूलचंही सोपं नसतं. चुंबकीय पट्टीचा चिकटा हवेतली ओल धरतो, पट्टी चिकट होते आणि वाजवताना यंत्राच्या हेडला घासून लेप सुटतो. त्यावर उपाय म्हणजे पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास सुकी भट्टी, आणि तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. इथला एखादा बहाद्दर म्हणेल की जळगावच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवली की झालं. तसं करू नका. उष्णता नियंत्रित लागते, ऊन नव्हे.

जळगाव, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मी २००४ चा, यातली एकही मालिका वेळेवर पाहिलेली नाही. आजोबांसाठी 'भारत एक खोज'च्या एका भागातून संवाद काढून टाकायचा प्रयत्न केला, हल्ली तशी सॉफ्टवेअरं आहेत. निवेदन बऱ्यापैकी गेलं. पण तंबोरा पाण्याखाली वाजल्यासारखा झाला आणि जिथे ओम पुरी 'स' म्हणतात तिथे झांज गायब. आजोबा म्हणाले, राहू दे, माणूस परत आण.

जळगाव, वकील

मागणी कोणाकडे करायची ते कळत नाही, ही खरी अडचण. १९८४ च्या 'हम लोग'पासून प्रायोजित मालिका सुरू झाल्या. काही मालिका दूरदर्शनने स्वतः काढलेल्या, काही बाहेरच्या निर्मात्यांच्या, आणि कागदपत्रं ज्याची त्याच्याकडे. कायदा सांगायचा तर १९८८ च्या प्रसारित मालिकेचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं, म्हणजे २०४८ संपेपर्यंत. संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. भाटिया मे २०२१ मध्ये गेले, म्हणजे २०८१ अखेर. २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का झाला, हे योग्यच. पण ज्याचे हक्क त्याला ते विकण्यात रस नाही आणि ज्याला रस आहे त्याला हक्क नाहीत, अशी आपली गत.

एक विचारू? निघालंच अधिकृत काही, तर आपल्यापैकी किती जण पैसे देतील? पारोळ्याचे काका सोडून.

नंदुरबार, शिक्षिका

माझं मत उलट आहे, चालेल ना? फाळणीवरच्या 'तमस' मालिकेच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेही भाटियांचंच. सुरुवातीची ती आर्त हाक मी लहानपणी ऐकली आणि आईच्या पदरात तोंड घातलं. ती मला फोनवर, भाजी चिरताना, मध्ये जाहिरात येऊन ऐकायची नाही. काही संगीत त्याच्या प्रसंगालाच बांधलेलं बरं.

*(धागा काढणाऱ्याकडून : चालेल, ताई. पण तुमच्याकडे निवड असावी एवढंच आमचं म्हणणं. वकीलसाहेब, मी देईन. दोन प्रतींचे.)*

शिरपूर, पूर्वी व्हिडिओ लायब्ररी

इतका वेळ नुसतं वाचत होतो. माझ्या माळ्यावर व्हीएचएस कॅसेटींची दोन खोकी आहेत. गिऱ्हाईकांसाठी मी रविवारचं टीव्हीवरून भरून ठेवायचो. 'मालगुडी' नक्की आहे, 'भारत एक खोज'चे काही भाग आहेत, शेवटच्या नावांसकट, कारण मी बटण बंद करायला विसरायचो. अमळनेरच्या सरांना ते कामाचं असेल. व्हीसीआर माझा मोडीत गेला. कोणाचा चालू आहे का?

अमळनेर, निवृत्त संस्कृत शिक्षक

माझा आहे. सुरू होतो, आत घेतलेली कॅसेट बाहेर टाकताना रुसतो. मी शनिवारी शिरपूरला येऊ शकतो, मुलगी तिथेच दिली आहे.

धुळे, पूर्वी ध्वनिमुद्रण साहाय्यक

सर, थांबा. आधी खोक्यातल्या प्रत्येक कॅसेटचं झाकण उचलून पट्टी उजेडात धरा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालायची नाही. हेड जाईल आणि ती बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. चांगल्या एकीकडे, बुरशीच्या दुसरीकडे, वेगळ्या पिशवीत. धुळ्याला थोडी वाट वाकडी करावी लागेल, पण शनिवारी मला घेऊन चला. माझ्याकडे साफ करायचं सामान आहे, आणि सरांच्या व्हीसीआरचं तोंडही बघतो.