वडिलांची दुनळी बंदूक कर्नाटकातील मुलीच्या नावावर कशी करावी?

प्रश्न : खानापूरची शेतकरी

नमस्कार. माझे वडील कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात राहतात. त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी बंदूक असून तिचा परवाना चालू आहे. वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, नजर मंदावली आहे, आणि बंदूक आपल्या हयातीतच माझ्याकडे यावी अशी त्यांची इच्छा आहे. मी लग्नानंतर बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याजवळच्या गावात राहते. रानडुकरे भाताची नासाडी करतात. माझ्याकडे स्वतःचा परवाना नाही. धाकटा भाऊ म्हणतो, घरातलीच वस्तू घरात जाते आहे, तेव्हा पुढच्या खेपेला मी ती गाडीतून पोहोचवतो आणि कागदपत्रे सावकाश होतील. मला हे पटत नाही. कायद्याने योग्य क्रम कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : वकील, कोल्हापूर

ताई, भावाला आजच थांबवा. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये ‘हस्तांतरण’ या शब्दात भाड्याने देणे, उसनी देणे, भेट देणे आणि नुसता ताबा सोडणे हे सारे येते. नात्याला त्यात सूट नाही. परवान्याशिवाय बंदूक बाळगल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास व दंड आहे. हा गुन्हा तुमच्यावरही येईल आणि ज्यांच्यासाठी एवढी धडपड करायची, त्या वडिलांचा परवानाही धोक्यात येईल.

आता मार्ग. शस्त्र नियम, 2016 मधील नियम 25 नेमका तुमच्यासारख्या कुटुंबांसाठी आहे. परवानाधारकाने वयाची 70 वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र 25 वर्षे त्याच्याकडे असेल, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून, तो आपल्या कायदेशीर वारसांपैकी एकाचे नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना देता येतो. विवाहित मुलगीही वारसच आहे. मात्र हा आपोआप मिळणारा हक्क नव्हे: पात्रतेच्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात आणि पोलिसांचा अहवाल प्रतिकूल नसावा लागतो. तुमचे वास्तव्य खानापुरात असल्याने अर्ज बेळगावच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करा. सोबत वडिलांचे संमतिपत्र, त्यांच्या परवान्याची प्रत, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि भावाचे नाहरकत प्रतिज्ञापत्र जोडा. वारसांमध्ये पुढे वाद होऊ नये म्हणून हे शेवटचे प्रतिज्ञापत्र कार्यालये बहुधा मागतातच.

परवाना हातात आल्यावरही लगेच बंदूक नेऊ नका. कलम 5 नुसार वडिलांनी आपल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, बंदूक कोणाला द्यायची आहे त्या व्यक्तीचे नाव व पत्ता लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर किमान 45 दिवस जावे लागतात. त्या पत्राच्या प्रतीवर पोचशिक्का घेऊन ती जपून ठेवा. पुढे काही प्रश्न उद्भवला तर 45 दिवस कधी सुरू झाले हे त्याच कागदावरून ठरेल.

उत्तर : निवृत्त महसूल कर्मचारी, बेळगाव

वरील माहितीला एक अत्यंत महत्त्वाची पुस्ती जोडतो, कारण आपण भीमगडचा उल्लेख केला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिसरात मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. आपले गाव त्या परिसरात येते का, हे वन खात्याकडून आधी लेखी घ्या आणि अर्जासोबतच जोडा. असे अर्ज नाकारले न जाता या एका कागदापायी नुसते पडून राहतात, आणि अर्जदाराला कारणही कळत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

दुसरे असे की, परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारण्याची मुभा मिळाली असे नाही. पिकांचे नुकसान करणाऱ्या जनावरासाठी वन खात्याची वेगळी परवानगी लागते. तसेच कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे, तिचा दाखला कोणी दिला तरी ती बेळगाव जिल्ह्याला लागू नाही.

खानापूरची शेतकरी

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांच्या परवान्याची मुदत काही महिन्यांत संपते आहे. तोवर माझा परवाना झाला नाही तर बंदूक कुठे ठेवावी?

उत्तर : वकील, कोल्हापूर

सर्वांत सोपे म्हणजे वडिलांनी मुदतीपूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करावा. त्यांना ते नको असेल, तर कलम 21 प्रमाणे मुदत संपताच बंदूक व उरलेली काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. बंदूक जमा असतानाही तुमचा अर्ज चालू राहू शकतो; पुढे ती सोडवून घ्यायला तुमचा परवाना आणि ती पावती लागेल. शेवटी, तुमच्या परवान्यावर वैधतेचे क्षेत्र काय लिहिले आहे ते पाहा. ते फक्त कर्नाटकापुरते असेल, तर आजऱ्याहून बंदूक आणण्याआधी त्या प्रवासाची लेखी परवानगी काढा, आणि ती भावाकरवी न मागवता परवाना जवळ ठेवून स्वतः घेऊन या.