मदत हवी आहे: सॅटेलाइट नेव्हिगेशन शिकायचंय, पण दार कुठल्या विभागाचं ठोठवायचं?

वाटसरू२
नमस्कार मंडळी. पोस्ट लांबली तर आधीच माफी मागतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केलं. गेली तीन वर्षं सर्व्हेच्या कामात आरटीके रिसीव्हर (सॅटेलाइटवरून सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारं यंत्र) घेऊन उन्हात फिरतोय. बटणं सगळी पाठ झालीत, आत काय चालतं ते मात्र कळत नाही. मध्यंतरी एका साइटवर दोन टप्प्यांत काम होतं. पहिल्या दिवशी बेस (एका जागी उभा राहणारा रिसीव्हर) लावला, रोव्हर (हातातला, फिरता) फिक्स झाला, म्हणजे पक्की जागा देऊ लागला, स्क्रीनवर अचूकता १४ मिलिमीटर. आठवड्याने तिथेच बेस पुन्हा लावला, पुन्हा फिक्स, पुन्हा १५ मिलिमीटर. घरी येऊन दोन्ही फाइली एकावर एक टाकल्या तर कंपाउंडची एकच भिंत दोनदा दिसत होती. मध्ये १ मीटर ८० सेंटिमीटरची फट! साहेब म्हणाले, "शिफ्ट मारून टाक." मारली, म्हणजे एक फाइल सरकवून दुसरीवर बसवली, जुळलं, रिपोर्ट गेला. पण मिलिमीटरची बढाई मारणारं यंत्र दोनदा खोटं का बोललं, हे कोणीच सांगितलं नाही.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की हा विषय नीट शिकायचा. मास्टर्स करायची तयारी आहे, देश कुठलाही चालेल. शोधायला बसलो तर आणखीच गोंधळ. एका विद्यापीठात हा विषय सिव्हिलमध्ये, दुसरीकडे एरोस्पेसमध्ये, तिसरीकडे इलेक्ट्रिकलमध्ये. जपानमध्ये तर जहाजवाल्यांच्या विद्यापीठात निघाला. काही ठिकाणी 'जिओडेसी' नावाचा विभाग आहे. खरं सांगतो, तो शब्द मी पहिल्यांदाच वाचला. विभाग कसा निवडायचा? आणि जायच्या आधी घरबसल्या काय करता येईल?

लुडबुड्या
भिंतीला सॅटेलाइटने नजर लावली असणार. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

ओळंबा
लुडबुड्या, तुम्ही बसाच.

वाटसरू, यंत्र खोटं बोललेलं नाही. तुम्ही त्याला विचारलंत, "बेसपासून मी किती लांब?" त्याचं उत्तर दोन्ही दिवशी १४-१५ मिलिमीटरपर्यंत खरं होतं. पण बेस स्वतः कुठे उभा आहे, हे त्याला कोणी सांगितलं? बेस लावताना 'सध्याची जागा घे' असलं काहीतरी बटण दाबलं असणार. त्यावर रिसीव्हर काही मिनिटांची सरासरी काढतो. ती एकट्याच्या जिवावर काढलेली जागा, त्यात मीटर-दोन मीटरचा फरक सहज पडतो. पहिल्या दिवशी बेस एकीकडे सरकला, आठवड्याने दुसरीकडे, आणि भिंत मुकाट त्याच्यामागून गेली. दोन्ही वेळा बेस एकाच ओळखीच्या खुणेवर ठेवून तेच को-ऑर्डिनेट टाइप केले असते, तर हा धागाच निघाला नसता.

तुम्हाला न कळलेली गोष्ट म्हणजेच जिओडेसी: "कुठे" म्हणजे नक्की कशाच्या संदर्भात कुठे? तुमचा १.८० चा आकडा वाचून हसू आलं. ऑस्ट्रेलियाने १९९४ ची आपली संदर्भ-चौकट (सगळ्या जागा जिच्या आधाराने मोजतात ती) बदलून २०२० ची केली, तेव्हा नकाशावरचं सगळंच जवळपास १.८ मीटर सरकलं. कारण तो अख्खा खंडच वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे चाललाय. तिथे कोणाचंही बटण चुकलेलं नव्हतं.

रेडिओवाला
ओळंबांनी आपल्या गोटात ओढायच्या आत दुसरी बाजू मांडतो.

हा विषय मुळात एकाच विभागाचा नाही, त्यामुळे तुमचा गोंधळ रास्त आहे. एक बाजू सिग्नलची. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, सिग्नल जमिनीवर पोचतो तो गोंगाटाच्याही खाली गेलेला. जीपीएसच्या जुन्या नागरी कोडमध्ये १०२३ चिप (०-१ चे तुकडे) असतात आणि ते दर मिलिसेकंदाला पुन्हा येतात. म्हणजे एक चिप साधारण २९३ मीटर लांब. त्यातून मीटरभराची जागा काढायची, पत्र्याच्या शेडवरून उडून आलेला सिग्नल ओळखायचा, खोटा सिग्नल कोणी पाठवत असेल तर पकडायचा. हे काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं.

फिक्स म्हणजे काय, ते याच्या आणि जिओडेसीच्या सीमेवर येतं. जीपीएसचा सिग्नल वाहून आणणाऱ्या एल१ लहरीची (वाहक लहर) लांबी १९ सेंटिमीटर. उपग्रह आणि तुमच्यामध्ये अशा पूर्ण लहरी किती, हा पूर्णांक सापडला की फिक्स, नाहीतर फ्लोट. तो पूर्णांक शोधायची सगळ्यात नावाजलेली पद्धत, लॅम्डा, १९९० च्या दशकात नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये तयार झाली, आणि तीही जिओडेसीवाल्यांच्या हातून. तेव्हा कुंपण फार उंच नाही.

स्वतःलाच एक विचारा. रात्री झोप कशाने उडाली? भिंत दोनदा दिसली म्हणून, की झाडाखाली फिक्स जातो म्हणून?

वाटसरू२
बाप रे. तीन वर्षांत कोणी एवढं सांगितलं नव्हतं. 'सध्याची जागा' वालं बटणच दाबलं होतं, दोन्ही वेळा. आमच्याकडे सगळे तेच दाबतात.

झोपेचं म्हणाल तर भिंतीमुळे उडाली. पण झाडाखालचंही खुपतं. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची असताना जिओडेसीवाले घेतील का? आणि कुठले?

परतीची_वाट
घेतात. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्समधूनच गेले.

म्यूनिकच्या टेक्निकल विद्यापीठात ईस्पेस नावाचा मास्टर्स आहे, शिकवणं इंग्रजीत. नेव्हिगेशन ही त्यातली एक वाट, बाकी रिमोट सेन्सिंग वगैरे. वर्गात सगळ्या तऱ्हेची माणसं होती. पहिल्या सत्रात लीस्ट स्क्वेअर्सने (मापांतल्या चुकांचं गणित) मला रडवलं, फूरियरने (सिग्नलचं गणित) सिव्हिलवाल्यांना. फिटंफाट. एक लक्षात ठेवा, 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे जुनं झालं. या विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. स्टुटगार्टला जिओइंजिन नावाचा इंग्रजी मास्टर्स आहे, पण त्या राज्यातही २०१७ पासून फी आहेच. डीएएडी या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती जरूर बघा.

विमानाकडे ओढा असेल तर फ्रान्समध्ये तुलूझचं एनॅक. ते मुळात नागरी विमानवाहतुकीचं विद्यालय, त्यामुळे "रिसीव्हर चुकतोय हे पायलटला किती सेकंदांत कळलं पाहिजे" असल्या प्रश्नांना तिथे मान आहे. सर्व्हेवाल्याला ते थोडं परकं वाटेल. कॅनडात कॅल्गरी आणि न्यू ब्रन्सविक, दोन्हीकडे जिओमॅटिक्सचे (सर्व्हे, जिओडेसी, नकाशे सगळं एकत्र) स्वतंत्र विभाग. तुमच्यासारख्या अर्ध्या-अर्ध्या माणसाला हे नाव सगळ्यात सोयीचं. ऑस्ट्रेलियात सिडनीचं न्यू साउथ वेल्स विद्यापीठ.

विभागाच्या नावावर मात्र जाऊ नका. अभ्यासक्रमाचं पान उघडायचं. एस्टिमेशन, संदर्भ-चौकटी, वातावरणातला विलंब असे विषय दिसले तर ओळंबांचा गोट. कोरिलेटर, ट्रॅकिंग लूप, अँटेना दिसले तर रेडिओवाल्यांचा. आणि 'जीआयएस'च (संगणकावरचे नकाशे) जास्त दिसलं तर तिथे जीपीएस फक्त वापरायला शिकवतात, ते तुम्हाला येतंच. मी अर्ज केलेल्या एका ठिकाणी (नाव नको) माहितीपत्रकावर उपग्रहाचं मोठं चित्र होतं आणि दोन वर्षांत नेव्हिगेशनचा एकच विषय, तोही ऐच्छिक.

कुतूहल
अमेरिका कोणीच लिहिली नाही?

रेडिओवाला
लिहितो. शिकायला उत्तम. स्टॅनफर्डची जीपीएस प्रयोगशाळा, बोल्डरचं कोलोरॅडो विद्यापीठ, ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ. ऑस्टिनच्या लोकांनी २०१३ मध्ये भूमध्य समुद्रात एक यॉट खोटे जीपीएस सिग्नल देऊन, मालकाच्या संमतीने, वाट चुकवून दाखवली होती. ग्यानबाची मेख नोकरीत आहे. या क्षेत्रातलं बरंच काम संरक्षणाशी जोडलेलं, त्यामुळे निर्यातीच्या कायद्यांपायी कितीतरी जागांना नागरिकत्व नाहीतर ग्रीन कार्ड मागतात. माझ्या बॅचचा एक हुशार मुलगा तीन मुलाखतींत शेवटच्या प्रश्नाला अडला. शेवटी शेतीच्या ट्रॅक्टरवाल्यांकडे लागला. मजेत आहे.

जपानचं तुम्हाला नवल वाटलं, पण टोकियोच्या सागरी विद्यापीठाला नाक मुरडू नका. उपग्रहाच्या मापांवरून जागा काढणारं आरटीकेलिब नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्याच परंपरेतलं, जगभर वापरतात. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती तिकडचीच. चीनमध्ये वूहान विद्यापीठाचं संशोधन फार पुढे आहे.

पाटी_पेन्सिल
सगळे दोन वर्षांच्या डिगऱ्यांवर बोलतायत, म्हणून एक वेगळं सांगते. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अशी अंतराळ शिक्षणाची प्रादेशिक केंद्रं आहेत: भारतात डेहराडूनला (१९९५ पासून), नायजेरियात, मोरोक्कोत फ्रेंचमधून, ब्राझील-मेक्सिकोत, जॉर्डनमध्ये आणि चीनमध्ये बीजिंगला. डेहराडूनच्या केंद्राचा जीएनएसएसचा (जीपीएससारख्या सगळ्या उपग्रह-प्रणालींचं सामाईक नाव) नऊ महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, वर्ग अहमदाबादला इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये. आशिया-पॅसिफिकच्या वेगवेगळ्या देशांतले लोक एका बाकावर बसतात. पण अर्ज नोकरीच्या संस्थेमार्फत जातो. तुमचे 'शिफ्ट मारून टाक' साहेब सही करतील का, ते तुम्हीच बघा.

या केंद्रांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ कार्यालयाने २०१२ मध्ये जीएनएसएसचा नमुना अभ्यासक्रम छापला. मोफत मिळतो. कुठल्याही विद्यापीठाचं पान त्याच्या शेजारी ठेवून बघा, काय गाळलंय ते लगेच दिसतं.

छोट्या मुदतीचं हवं असेल तर इटलीत त्रिएस्तेचं आयसीटीपी हे आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र केंद्र, तिथे जीएनएसएसच्या कार्यशाळा होतात, भर विकसनशील देशांतल्या लोकांवर. युरोपीय अंतराळ संस्थेची उन्हाळी शाळा असते, पण ती आधीच थोडं पोहता येणाऱ्यांसाठी.

ओळंबा
पाटी_पेन्सिल यांना अनुमोदन.

घरबसल्याचं राहिलं. स्टॅनफर्डची २०१४ ची मोफत व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, सुरुवात तिथून. अडलं की नेव्हीपीडिया, या विषयाचा ऑनलाइन ज्ञानकोश. हात चालवायला बार्सिलोनाचं जीलॅब हे सॉफ्टवेअर आणि वर म्हटलेलं आरटीकेलिब. डेटा आयजीएस या आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेचा, १९९४ पासून जगभरच्या स्थानकांचा, फुकट.

पण तुमच्याकडे याहून चांगला डेटा आहे. त्या दोन दिवसांच्या बेसच्या कच्च्या फाइली कार्डावर आहेत का? असतील तर रायनेक्स (सगळ्या यंत्रांना चालणारा सामाईक फाइल-प्रकार) करून कॅनडा सरकारच्या सीएसआरएस-पीपीपी या जागा काढून देणाऱ्या सेवेला पाठवा. मोफत आहे, उत्तर ईमेलने येतं. दोन्ही बेस खरे कुठे होते ते बघा. मग विभागाचं बोलू.

रेडिओवाला
आणि फोनवर जीएनएसएस लॉगर हे ॲप टाका. अँड्रॉइड ७ पासून कच्ची मापं मिळतात. फक्त डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'फोर्स फुल जीएनएसएस मेझरमेंट्स' चालू करा, नाहीतर फोन बॅटरी वाचवायला रिसीव्हर सारखा झोपवतो आणि वाहक लहरीची मोजणी तुटते. मी यात एक आख्खा रविवार घालवलाय.

वाटसरू२
तीन आठवड्यांनी परत आलोय. धागा वर काढल्याबद्दल शिव्या देऊ नका.

फोनचं आधी. तुमचा रविवार माझाही गेला, पर्याय चालू करायला विसरलो. दुसऱ्यांदा केला तेव्हा आरटीकेलिबच्या आरटीकेप्लॉटमध्ये (आलेख दाखवणारा भाग) पत्र्याच्या शेडजवळ ठिपके विस्कटलेले आणि मोकळ्या मैदानात गोळा झालेले स्पष्ट दिसले. अर्धा तास नुसता बघत बसलो.

आता बेस. फाइली होत्या! दोन्ही दिवशी सहा-सहा तासांच्या. पाठवल्या, थोड्याच वेळात उत्तर आलं. पहिल्या दिवशी बटणाने दिलेली जागा खऱ्या जागेपासून ७० सेंटिमीटर पश्चिमेला, दुसऱ्या दिवशीची १ मीटर १२ पूर्वेला. बेरीज करा. दोन्ही फाइली त्याप्रमाणे सरकवल्या आणि भिंत एक झाली. आडव्यात फरक उरला २ सेंटिमीटर. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "शिफ्टच मारलीस ना शेवटी?" काय बोलणार.

ठरवलंय जिओमॅटिक्स, कॅनडाला पहिला अर्ज, स्टुटगार्टला दुसरा. सिग्नलचे विषय ऐच्छिक घेईन, रेडिओवाले रागावू नका. एकच अडलंय. उंचीत अजून ६ सेंटिमीटरचा फरक राहतोय, आणि तो सगळीकडे सारखाच आहे. हा कुठला?

ओळंबा
सगळीकडे सारखा म्हणजे सॅटेलाइटवर ढकलू नका. अँटेनाची उंची दोन्ही दिवशी कुठपर्यंत मोजलीत? अँटेनाच्या तळापर्यंत, की फेज सेंटरपर्यंत (सिग्नल जिथे पोचला असं धरतात तो अँटेनातला बिंदू)? सरळ, की तिरकी टेप लावून?

वाटसरू२
वही काढली. पहिल्या दिवशी "उंची १.६२". दुसऱ्या दिवशी "उंची १.५७". कुठून कुठपर्यंत ते लिहिलेलंच नाही. आणि दुसऱ्या दिवशीचं अक्षर माझं नाही.