मोबाईलचा विमा: २,४९९ रुपये द्यावेत का? इंदूरकरांनो, सल्ला हवाय

सुदामानगरकरीण

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी फोन घ्यायचाय. तो औषध कंपनीत एमआर आहे. देवास, उज्जैन, पीथमपूर सगळं स्कूटरवर, आणि फोन हँडलच्या स्टँडला लावून मॅप बघत जातो. फोन ३२,००० चा ठरलाय, हप्त्यांवर. दुकानदार म्हणतो, "ताई, वर २,४९९ टाका आणि वर्षभर निर्धास्त राहा. पडो, भिजो, चोरीला जावो, सगळं कव्हर." आईसाठी ११,००० चा साधा फोनही तिथूनच घेणार आहोत. त्याला ९९९ चा प्लॅन सांगितलाय. दोन्ही मिळून साडेतीन हजार, म्हणजे आमच्या घरचं महिन्याचं दूध.

शिवाय रंगपंचमी तोंडावर आलीय आणि भाऊ काही गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, चुकवणारा नाही. घ्यावा का विमा? कुणाचा क्लेम प्रत्यक्ष मिळालाय का? परवा पैसे भरायचेत.

राजवाड्याजवळ

घेऊ नका. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) बघताना आमच्या बाबांचा फोन शर्टाच्या खिशातून गेला. विमा होता, पावती होती, एफआयआरही केली. ती करून घ्यायलाच ठाण्यात किती खेटे घातले. शेवटी कंपनीचं उत्तर आलं की चोरीत जबरदस्ती झालेली नाही, सबब दावा नामंजूर. म्हणजे चोराने बाबांना मारलं असतं तर पैसे मिळाले असते! पंचाहत्तरीच्या माणसाने त्या गर्दीत करायचं तरी काय होतं? अजून संताप होतो.

विजयनगर_सून

माझा अनुभव वेगळा आहे. फोन ओट्यावरून फरशीवर उपडा पडला, स्क्रीन गेली. मी फोन बनवणाऱ्या कंपनीचाच प्लॅन घेतला होता, दुकानातला नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिला, ठरलेली थोडी रक्कम भरली आणि संध्याकाळी नवी स्क्रीन बसवून मिळाली. कुणी उलटसुलट प्रश्न विचारले नाहीत. त्यामुळे सरसकट नको असं मी म्हणणार नाही.

निवृत्त_सर्व्हेअर

मी जनरल इन्शुरन्समध्ये नुकसानीचे सर्व्हे करत आलो. मोबाईलचे थोडे, आग आणि मालवाहतुकीचे जास्त, पण कलमांची भाषा सगळीकडे सारखीच. वरच्या दोघांचंही खरं आहे आणि ते का, हे कळलं की तुमचा निर्णय सोपा होईल.

ताई, आधी एक करा. दुकानदाराकडून कागद मागून घ्या. माहितीपत्रक नको, नियम आणि अटींचा पूर्ण कागद. त्यात सर्वांत आधी बघा की हा विमा आहे की नुसता 'प्रोटेक्शन प्लॅन'. विमा असेल तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक असतो. नुसता प्लॅन असेल तर तो एखाद्या सेवा कंपनीशी केलेला करार असतो. वाद झाला तर हा फरक कामाला येतो. विमा कंपनीने क्लेम नाकारला, तर आधी तिच्याच तक्रार विभागाला लेखी कळवायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मध्य प्रदेशासाठी ते कार्यालय भोपाळला आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही. नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. नुसत्या प्लॅनवाल्यांसाठी हा रस्ता बंद. तिथे १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग.

राजवाड्याजवळ राहणाऱ्या दादांच्या वडिलांचं जे झालं ते चीड आणणारं आहे, पण अपवादात्मक नाही. बऱ्याच पॉलिशींत 'चोरी' म्हणजे कुलूप तोडून केलेली किंवा माणसावर जबरदस्ती करून केलेली चोरी. खिसा कापला, टेबलावरून कुणी उचलला, रिक्षात राहिला, हे सगळं बाहेर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम ३०३ मध्ये आहे आणि हिसकावून नेणं वेगळं, कलम ३०४ मध्ये. हातातून फोन ओढून नेला असेल तर तक्रारीत तसंच, सविस्तर लिहून द्या. कोणत्या हातात होता, किती जण होते, कुठल्या दिशेने पळाले. 'फोन हरवला' एवढीच नोंद घेऊन घरी येऊ नका. आणि घडलं नसेल ते लिहू नका, तो गुन्हा होतो.

कागदात आणखी दोन गोष्टी शोधा. घसारा, म्हणजे फोन जुना झाला म्हणून किमतीतून कापायची रक्कम, किती आणि वजावट, म्हणजे दर क्लेमला तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, किती.

माणिकबाग

ऑनलाइन घेत असाल तर कार्टमध्ये विमा आधीच टाकलेला आहे का ते बघा. केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू सरकवण्यावर बंदी आहे. तरी डोळ्यांत तेल घालून बिल वाचा.

जेलरोड_रिपेअर

माझं डॉलर मार्केटला रिपेअरिंगचं काम आहे, म्हणून पाण्याबद्दल लिहितो. रंगपंचमीनंतरच्या सोमवार-मंगळवारी आमच्याकडे फोनची रांग लागते. चार्जिंगच्या पोर्टमध्ये गुलाबी चिखल बसलेला असतो, पिन पितळेसारखी हिरवट झालेली असते. लोक म्हणतात, भिया, फोन तर वॉटरप्रूफ आहे! आयपी ६८ या पाणी-धूळरोधक दर्जाची चाचणी साध्या, स्वच्छ पाण्यात होते, आणि फोन पडला-झडला की आतलं रबर आणि गोंद सैल होतात. गेरीत तर टँकरचं पाणी जोराने येतं आणि त्यात रंग, माती, सगळंच. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी बहुतेक वेळा पाण्याच्या नुकसानीला लागू होतच नाही. सिमचा ट्रे काढून टॉर्च मारा, बऱ्याच फोनमध्ये आत छोटा पांढरा स्टिकर दिसेल. पाणी लागलं की तो लाल होतो. सर्व्हिस सेंटरवाला सगळ्यांत आधी तोच बघतो.

भिजला तर लगेच बंद करा. चार्जिंगला लावू नका, हलवून बघू नका, तांदळात घालू नका. तांदळाची पावडर पोर्टमध्ये जाते.

विमा असेल तर आमच्यासारख्यांकडे आधी आणू नका, हे मी धंदा सोडून सांगतोय. एकदा बाहेर स्क्रू उघडला की कंपनी हात वर करते. आधी अधिकृत सेंटरचं एस्टिमेट.

विमा नसेल तर मात्र एक विचारून घ्या. फक्त वरची काच गेलीय की फोल्डर, म्हणजे काचेसकट आतला अख्खा डिस्प्ले? आतलं चित्र स्वच्छ दिसत असेल आणि बोट फिरवल्यावर टच चालत असेल, तर बऱ्याच मॉडेलमध्ये नुसती काच बदलता येते. खर्च पूर्ण फोल्डरच्या मानाने बराच कमी. फोल्डरच बदलायचा असेल तर ओरिजिनल की कॉपी, हे बिलावर लिहून घ्या. कॉपीचा रंग फिका असतो आणि बॅटरीही जास्त खाते.

सुदामानगरकरीण

सर्व्हेअर काका, कागद मिळवला. दुकानदार जरा नाराज झाला, पण व्हॉट्सॲपवर पाठवला. तो विमाच आहे, कंपनीचं नाव आहे. मुद्दे असे:

पडणं, भिजणं यात दुरुस्ती होण्यासारखी असेल तर घसारा नाही. दर क्लेमला ५ टक्के किंवा ५०० रुपये, जे जास्त असेल ते आपण भरायचं. फोन पूर्ण गेला तर पहिल्या सहा महिन्यांत किमतीवर २५ टक्के घसारा, पुढच्या सहा महिन्यांत ५० टक्के. चोरीचं कलम काकांनी सांगितलं अगदी तसंच आहे, 'बळाचा वापर'. ४८ तासांत कळवायचं. वर्षात एकच क्लेम.

अधिकृत सेंटरलाही फोन केला. या मॉडेलची स्क्रीन ९,४०० ला. त्यांच्याकडे फक्त स्क्रीनचा प्लॅन १,२९९ ला आहे. वर्षातून एकदा बदलून देतात, वेगळे पैसे घेत नाहीत.

निवृत्त_सर्व्हेअर

उत्तम काम केलंत. आता हिशेब मांडू.

फोन आठव्या महिन्यात हिसकावून नेला, असं धरा. ३२,००० चे झाले १६,०००, त्यातून ५ टक्के म्हणजे ८०० वजा. हातात १५,२००. त्यासाठी २,४९९ भरायचे. म्हणजे तुमच्या भावासारख्या साधारण सहांपैकी एकाचा फोन बळाने हिसकावला जाणार असेल, तरच हा सौदा पुरा पडतो. इतकी शक्यता मला दिसत नाही. आणि खिशातून गेला तर शून्य.

स्क्रीनचं बघा. मोठ्या प्लॅनमधून तुम्हाला ९,४०० वजा ५००, म्हणजे ८,९०० चा फायदा. साडेतीन माणसांत एकाची स्क्रीन फुटावी लागेल. कंपनीच्या १,२९९ च्या प्लॅनमध्ये फायदा पुरा ९,४०० चा, तिथे सातांत एकाची फुटली तरी पुरे. रोज स्कूटरवर, फोन हँडलला, खड्ड्यांतून देवास-पीथमपूर करणाऱ्या मुलाच्या बाबतीत सातांत एक हे मला अगदी शक्य वाटतं.

पाण्याची भीती राहते, ती खरी आहे. पण ती वर्षातून एका दिवसाची आहे. त्या दिवशी फोन घरी ठेवायचा आणि जुना बटणांचा फोन खिशात टाकायचा.

आईंच्या फोनला काहीही घेऊ नका. ९९९ वेगळे ठेवा. ११,००० च्या फोनचं घसाऱ्यानंतर उरतं किती? शिवाय त्या घरातच असतात.

हप्त्यांबद्दल एक शब्द. लोकांना वाटतं, फोन कर्जावर आहे म्हणून विमा हवाच. फोन गेला तरी हप्ते चालू राहतात हे खरं, पण जो विमा चोरीत पैसे देणारच नाही, तो हप्ताही भरणार नाही. जोखीम कागदावर मिटते का ते बघायचं, मनातल्या धास्तीवर पैसे भरायचे नाहीत. मी हे कळकळीने सांगतो, कारण विमा ही फार चांगली गोष्ट आहे. घराला, आजारपणाला, कमावत्या माणसाला तो घ्यायलाच हवा. साडेतीन हजार हातात असतील तर आधी भावाचा अपघात विमा आहे का विचारा. दिवसभर हायवेवर असतो तो.

जेलरोड_रिपेअर

काकांशी सहमत. हँडलवरून एक आठवलं. दुचाकीच्या थरथरीने कॅमेरा खराब होतो. २०२१ मध्ये ॲपलनेच ग्राहकांना तसं सांगितलं होतं. स्कूटरसारख्या कमी ताकदीच्या गाडीवरही धक्के शोषणारा स्टँड वापरा म्हणून. फोटो धूसर येतात, कॅमेरा उघडला की आतून खरखर ऐकू येते. अशी हळूहळू झालेली खराबी कुठलाही विमा सहसा धरत नाही, कारण त्यांना 'अचानक घडलेला अपघात' हवा असतो. रबरवाला स्टँड घ्या, किंवा कानात एकच इयरफोन घालून मॅप ऐकू द्या आणि फोन खिशात.

लष्कर_ग्वाल्हेर

मध्येच विचारतो. मी मित्राकडून वापरलेला फोन घेतलाय. विमा मिळेल का?

निवृत्त_सर्व्हेअर

बिल तुमच्या नावावर नाही ना? मग क्लेमच्या वेळी अडकाल. बहुतेक प्लॅन नव्या फोनला आणि खरेदीपासून ठरावीक दिवसांतच मिळतात. पैसे घालू नका. मित्राकडून मूळ बिल मात्र मागून ठेवा.

राजवाड्याजवळ

विमा घ्या न घ्या, पण हे आज रात्रीच करा. *#06# दाबा, दोन्ही आयएमईआय नंबर (फोनचे ओळख क्रमांक) कागदावर लिहून कपाटात ठेवा. बाबांच्या वेळी तेच शोधण्यात अख्खी सकाळ गेली. फोन गेला की पहिला फोन सिम बंद करायला, दुसरा बँकेला, यूपीआय थांबवायला. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मग ठाणं, आणि तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा. म्हणजे देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर तो चालत नाही. बाबांचा फोन जाण्यापेक्षा त्यातल्या बँकेचीच धास्ती आम्हाला जास्त होती.

सुदामानगरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. भावासाठी कंपनीचा १,२९९ वाला स्क्रीन प्लॅन, आईला काही नाही. उरलेल्या पैशांत भावाला रबरचा स्टँड आणि दोन्ही फोनना चांगली कव्हरं. अपघात विम्याचं भावाला विचारलं, तर नोकरीतून आहे म्हणतो, पण रक्कम माहीत नाही. काका, ते पत्र मागवलंय. आलं की इथेच टाकते, वाचून द्याल ना?

निवृत्त_सर्व्हेअर

जरूर टाका, नाव आणि नंबर झाकून. त्यात दुचाकी चालवताना झालेला अपघात धरलाय का आणि ड्युटीच्या वेळेबाहेर लागू होतो का, या दोन ओळी तुम्हीही शोधून ठेवा.

जेलरोड_रिपेअर

आणि ताई, स्क्रीन प्लॅन भावाच्या फोनच्या आयएमईआयवर चालू झाल्याचा मेसेज आल्याशिवाय काउंटर सोडू नका. दोन फोन एकाच बिलात आहेत, नंबरची अदलाबदल होते.