बाहेर वापरायला दणकट, परवडणारं ऑटोमॅटिक डायव्हर घड्याळ: कोणतं घ्यावं, की घेऊच नये?

चिखलवाट
डोंगर, पाऊस, ओढे, अधूनमधून समुद्र, या सगळ्याला मिळून एकच घड्याळ घ्यायचं आहे. सेल नको, चार्जिंग तर नकोच. हातावर असलं की चालत राहील असं ऑटोमॅटिक हवं, आणि पाण्याची धास्ती नको म्हणून डायव्हर. खिसा बेताचा आहे, तेव्हा स्विस नावं सुचवून जखमेवर मीठ चोळू नये ही विनंती.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे झोडपायला सोयीचं. अशा घड्याळात तीनच गोष्टी बघाव्यात: आटे असलेली स्क्रू-डाउन चावी, खरेखुरे २०० मीटर, आणि कुठल्याही बऱ्या घड्याळजीला उघडता येईल असं मशीन. सफायर काच आणि सिरॅमिक बेझेल (काचेभोवतीची, गेलेला वेळ मोजायची फिरती कडी) हे शोकेसमधले लाड. सध्या यादीत सेइको टर्टल, सिटिझन प्रोमास्टर एनवाय००४०, ओरिएंट कमासू आणि वोस्तोक अँफिबिया आहेत.

सेलवाला
मुळात मेकॅनिकल कशाला, तेच कळलं नाही. केसासारख्या बारीक स्प्रिंगवर तासाला २१,६०० ठोके मारणारं चाक घेऊन तुम्ही दगडांवर हात आपटत चढणार. टर्टलमधल्या ४आर३६ मशीनला कंपनी स्वतःच दिवसाला +४५ ते −३५ सेकंदांची सूट देते. साधं सेलवरचं क्वार्ट्ज घड्याळ महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास राहतं. आणि सेलची कटकट म्हणाल तर सोलर डायव्हर मिळतात, तेही २०० मीटरचे, आटे असलेल्या चावीचे. तुमच्या सगळ्या अटी त्यात बसतात, फक्त 'ऑटोमॅटिक' ही एक हौस सोडली तर. दणकटच हवं असेल तर जी-शॉक १९८३ पासून आहेच. हौस असेल तर हौस म्हणा, उपयोगाचं सोंग कशाला?

चिखलवाट
@सेलवाला, हौस आहेच की, नाकारतंय कोण? पण डोंगरात मला सेकंद मोजायचे नसतात. अंधार पडायला किती वेळ आहे आणि निघून किती वेळ झाला एवढंच हवं असतं. आठवडाभरात पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी माझं काही अडत नाही.

खारं_पाणी
'खरे २०० मीटर' हा शब्दप्रयोग आवडला, कारण सगळी गंमत तिथेच आहे. तबकडीवर नुसतं 'वॉटर रेझिस्टंट २०० मीटर' असणं आणि 'डायव्हर्स २०० मीटर' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं लिहायचं तर आयएसओ ६४२५ हे मानक पाळावं लागतं. त्यात प्रत्येक नगाची लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबावर परीक्षा होते, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी लागते, धक्क्याची आणि चुंबकाची चाचणीही असते. साध्या घड्याळांचं मानक आयएसओ २२८१०, त्यात नमुने तपासले तरी चालतात. तुमच्या यादीत टर्टल आणि प्रोमास्टर पहिल्या गटातली. कमासू २०० मीटरचं आहे, आट्यांची चावीही आहे, पण त्यावर 'डायव्हर्स' लिहिलेलं नाही. म्हणून ते वाईट ठरत नाही. पोहायला आणि ओढे ओलांडायला पुरून उरतं.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो. सेइकोचं एसकेएक्स००७ म्हणजे १९९६ पासूनचं गाजलेलं स्वस्त डायव्हर. २०१९ मध्ये त्याच चेहऱ्याची नवी 'सेइको ५ स्पोर्ट्स' आली. दिसायला जुळी भावंडं, पण नवीन १०० मीटरचं आणि चावीला आटे नाहीत. लोक फोटो बघून घेतात आणि डायव्हर घेतलं म्हणून मिरवतात.

सेलवाला
१०० मीटर तरी कोण जातंय खाली? आणि पोहताना हात मारला की दाब कित्येक पट वाढतो म्हणून २०० हवेत, हेही ऐकून कान किटले.

खारं_पाणी
ते मीही मानत नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाने हात पाण्यावर आला, जो बऱ्यापैकी जोराचा फटका झाला, तरी दाब वाढतो तो जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका. गणित शाळेतलंच आहे. २०० मीटरचा फायदा खोलीसाठी नाहीच. तेवढं लिहायचं म्हणजे कंपनीला जाड केस (घड्याळाची पेटी), बरी गास्केटं (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि बहुधा आट्यांची चावी द्यावी लागते. तुम्ही आकडा विकत घेत नाही, त्याच्यामागचं लोखंड घेता.

जुनी_कमान
घड्याळं उघडून बसणे हा माझा जुना नाद. त्यावरून सांगते, पाणी काचेतून फार क्वचित शिरतं. शिरतं ते चावीकडून, आणि त्यातही निम्म्या वेळा चावी घट्ट न केल्यामुळे किंवा आटे वाकडे बसल्यामुळे. चावी लावताना आत दाबून आधी किंचित उलटी फिरवावी. आटा जागेवर पडल्याची बारीकशी 'टक्' बोटाला जाणवते. मग सुलटी फिरवावी, हलक्या हाताने. पिळून काढू नये, गास्केट तिथेच मरतं.

दुसरी जागा म्हणजे पट्ट्याची पिन. घड्याळं फुटतात त्यापेक्षा हरवतात जास्त. समुद्रात वापरलेल्या घड्याळाचा पट्टा काढला की पिनेच्या भोकात मिठाचं पांढरं किटण आणि तांबूस गंज दिसतो, आणि पिनेची स्प्रिंग दाबली तर परत उसळत नाही. जाड पिना लावा, किंवा सलग नायलॉनचा नाटो पट्टा लावा. तो दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक तुटली तरी घड्याळ मनगटावर लोंबकळत राहतं. ब्रिटिश सैन्याने १९७३ मध्ये उगाच नाही घेतला.

आणि गास्केट रबरी असतं हो. गरम पाणी, साबण, सनस्क्रीन यांनी कडक होतं. दर दोन-तीन वर्षांनी दाबाची चाचणी करून घ्या, मग मीटर मोजा. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर घड्याळ हाताला गरम लागेल इतपत कोमट करा, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. आतून धुकं धरलं तर ओल आत आहे.

रात्रीचा_वाटसरू
चावीचं पटलं, पण धागाकर्त्याचं सफायरबद्दलचं मत अजिबात पटलं नाही. वाळूत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची मोह्ज काठिण्यता ७. साधी मिनरल काच त्याखाली, सफायर ९. म्हणजे ओढ्याकाठी चिखलाचा हात काचेवर पुसला की मिनरलवर रेघ, सफायरवर काही नाही. बाहेर वापरणाऱ्यालाच सफायर हवी. लाड म्हणायचंच तर ते ऑफिसात घालणाऱ्यासाठी. कमासूला सफायर आहे, या हिशेबाने ते सरळ पुढे जातं.

जुनी_कमान
कठीण म्हणजे चिवट नव्हे. सफायरवर रेघ पडत नाही, पण दगडाची धार कडेला बसली तर टवका उडू शकतो. आणि तिचे कण आत तबकडीवर सांडले की मशीन उघडून धुण्याशिवाय गत्यंतर नाही. रेघ पडलेली काच मी वर्षानुवर्षं वापरू शकते.

रात्रीचा_वाटसरू
धार नेमकी कडेवर बसणं किती वेळा होतं, आणि वाळू किती वेळा लागते? रोजचं नुकसान सोडून क्वचितचं मोजताय ताई.

वोल्गाकाठ
अँफिबियाकडे कोणी बघेना म्हणून लिहितो. १९६७ चं डिझाइन, रशियातल्या चिस्तोपोलच्या कारखान्याचं. तेव्हाच्या पाश्चात्त्य डायव्हरांसारखी महागडी मापं जमणार नाहीत म्हणून त्यांनी उलटा विचार केला. जाड ॲक्रिलिक काच खोलवर दाबाने किंचित वाकते आणि केसला आणखी घट्ट बसते. मागचं झाकण फिरवायचं नाही, वेगळी रिंग त्याला दाबते, त्यामुळे गास्केटला पीळ पडत नाही. जेवढं खोल तेवढं घट्ट. ॲक्रिलिकवर ओरखडे लगेच येतात, पण पॉलिश पेस्टने घासून जातात, आणि काच फुटून आत सांडत नाही. वरच्या दोघांचं भांडण इथेच मिटतं.

चावी उघडल्यावर लुळी हलते, ते बघून बिघडलं समजू नका. ती मुद्दाम तशी केली आहे, म्हणजे चावीवरचा धक्का मशीनच्या दांड्यापर्यंत पोचत नाही.

खारं_पाणी
@वोल्गाकाठ, सगळं मान्य, पण बेझेलचं काय? अँफिबियाचं बेझेल बहुतेक मॉडेलांत दोन्हीकडे फिरतं आणि क्लिक नाही. डायव्हरचं बेझेल एकाच दिशेला का फिरतं? चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी नाही. पाण्याखाली तो जिवाचा प्रश्न आहे. डोंगरात परत फिरायची वेळ चुकली तरी धोका काही कमी नाही. सॅकच्या पट्ट्यात घासून हे बेझेल सरकतं, बघितलंय.

सेलवाला
सॅकवरून आठवलं, आता तुमच्या लाडक्या ऑटोमॅटिकला एक प्रश्न. हल्ली सॅकच्या छातीच्या पट्ट्यावर पाण्याची नळी अडकवायला चुंबक असतं. हात तिथे सतत जातो. त्या केसासारख्या स्प्रिंगची (हेअरस्प्रिंग) वेटोळी चुंबकाने एकमेकांना चिकटली की घड्याळ दिवसाला मिनिटंच्या मिनिटं पुढे पळतं. 'पाच मिनिटांनी अडत नाही' म्हणणाऱ्यांनी सूर्यास्त चुकवावा. शिवाय सर्व्हिसिंग. या किमतीच्या घड्याळाचं पूर्ण सर्व्हिसिंग अनेकदा घड्याळाच्याच किमतीला जाऊन भिडतं. कसली ही बचत?

जुनी_कमान
चुंबकाचा मुद्दा खरा आहे. उपाय मात्र दोन मिनिटांचा: डिमॅग्नेटायझर नावाची छोटी डबी येते, त्यावर ठेवून उचलायचं. सर्व्हिसिंगचं म्हणाल तर या वर्गात कोणी चाकं सुटी करत बसत नाही. ४आर३६ चं भावंड एनएच३६ सुटं मिळतं, अख्खं मशीनच बदलायचं. म्हणूनच मी सेइकोकडे झुकते. ओरिएंटचं एफ६९२२ चांगलं आहे, हाताने चावी देता येते, वेळ लावताना सेकंदकाटा थांबतो, पण सुटं मिळायला शोधाशोध. सोलर घड्याळाचाही संचायक सेल वर्षांनी थकतोच बरं का, ते अमर नाही.

चिखलवाट
सफायरबद्दल वाटसरू यांनी बऱ्यापैकी हलवलं, कबूल. पण माझी निवड आता टर्टल की प्रोमास्टर एवढ्यावर आली आहे. प्रोमास्टरची चावी आठच्या जागी, डावीकडे आहे. डाव्या हातात काठी धरून रेटा दिला की तीनवरची चावी हाताच्या पाठीत रुतते, तो त्रास यात नाही. टर्टलची चारवर आहे, तीही चालेल.

वोल्गाकाठ
अँफिबिया एका वाक्यात बाद? बरं.

रात्रीचा_वाटसरू
दोन्हीही घ्यायच्या आधी मनगटावर चढवून बघा. टर्टल ४४ मिलिमीटरच्या पुढे आहे, पण कासवासारखी केस आणि आखूड कान (पट्टा बसतो ती टोकं), त्यामुळे अंगावर येत नाही. ल्यूम (काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग) दोन्हीचं रात्री तंबूत वाचण्याइतकं आहे.

सेलवाला
जुनं कुणाचं घेत असाल तर आधी दाबाची चाचणी, मग पैसे. आणि सॅकमध्ये एक सेलचं घड्याळ टाकून ठेवा. मी कुणाला सांगणार नाही.