बी२ चं विषारी प्यादं खाल्ल्यावर जगायचं कसं?

अडीचघर:
बुद्धिबळात काळ्याने नजडॉर्फ (सिसिलियन बचावाचा एक प्रकार) खेळतो. ६.उंट जी५ ई६ (आकडा म्हणजे कितवी चाल, नुसतं घर म्हणजे प्यादं) ७.एफ४ वजीर बी६ ८.वजीर डी२ आणि मग बी२ चं प्यादं खायचं, ९.हत्ती बी१ वजीर ए३, इथपर्यंत सगळं तोंडपाठ आहे. पण समोरच्याने १०.एफ५ ढकललं की माझं डोकंच चालत नाही. इंजिन म्हणतं ०.००, म्हणजे बरोबरी, आणि मी वीस चालींच्या आत मात खाऊन मोकळा. ते एक प्यादं खरंच एवढं मोलाचं आहे का? आणि एकाने परवा वजीर डी२ च्या ऐवजी ८.ए३ केलं, म्हटलं घाबरला, खाल्लं बी२, आणि वजीरच गेला राव!!

तिरका उंट:
अरे तो सापळाच आहे, त्यात बरेच जण पडतात. ८.ए३ नंतर पांढऱ्याचा वजीर अजून डी१ लाच असतो, म्हणजे ए१ च्या हत्तीला जोर आहे (तो खाल्लास तर वजीर परत खातो). तू बी२ खाल्लंस की घोडा ए४, मग तुझ्या वजीराला कुठलंही घर बघ, मार आहेच. वजीर डी२ ला गेला की ए१ चा जोर सुटतो, म्हणून तिथे खाता येतं आणि त्याला हत्ती बी१ किंवा घोडा बी३ करावंच लागतं. ए३ आलं तर गुपचूप घोडा सी६ कर.

शहकाटशह:
आता १०.एफ५ चं. आधी पट मोज. पांढऱ्याचे दोन घोडे, उंट, वजीर, हत्ती सगळे कामाला लागलेत, तुझा फक्त वजीर आणि एक घोडा. म्हणजे त्याला पट उघडायचाय, अजून प्यादं गेलं तरी चालेल. १०...घोडा सी६ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल, × म्हणजे मारलं) ११.एफ×ई६ एफ×ई६ १२.घोडा×सी६ बी×सी६ १३.ई५! डी×ई५ १४.उंट×एफ६ जी×एफ६ १५.घोडा ई४. हा घोडा एफ६ आणि डी६ दोन्हीकडे डोळा ठेवून बसतो, म्हणून १५...उंट ई७, एका चालीत दोन्ही घरं सांभाळली. मग १६.उंट ई२ दिसायला साधी चाल आहे, पण तुझी एफ आणि जी ची प्यादी हलल्यामुळे एच५ वरून राजापर्यंत तिरकी वाट सताड उघडी आहे. म्हणून १६...एच५. पाठ करताना प्रत्येक चालीला एवढंच विचार, समोरच्याला कुठलं घर हवंय.

प्यादेमात:
मोलाचं वगैरे ठीक आहे पण बॉबी फिशरला विचारा :) १९७२ ला रेक्याविकमध्ये स्पास्कीविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात, सातव्या डावात हेच प्यादं खाऊन ड्रॉ, अकराव्यात परत खाल्लं. स्पास्कीने १४व्या चालीला सी३ चा घोडा सरळ बी१ ला परत नेला, आपण असली चाल बघतसुद्धा नाही, आणि २४.ए४ ला फिशरचा वजीर पकडला. पंधराव्या डावात नजडॉर्फच होता पण फिशरने ७...उंट ई७ खेळलं. ब्लिट्झमध्ये (झटपट डावात) मीसुद्धा तेच खेळतो, झोप नीट लागते.

शहकाटशह:
ती लाइन ९.घोडा बी३ ची होती, हत्ती बी१ ची नाही. दोन्हींची खिचडी करू नका, नाहीतर तो अजून गोंधळेल.

अडीचघर:
आत्ता जुना डाव उघडून बघितला. १६.उंट ई२ पर्यंत अगदी हेच, मग मी हावरटासारखं ए२ चं प्यादंही खाल्लं, उंट एच५ शह, मध्ये घालायला काहीच नाही, कॅसलिंग गेलं, आणि मला मात्र इतके दिवस वाटायचं की आधीच कुठेतरी चुकतोय. ७...उंट ई७ नंतर बघेन, आधी हे एच५ दोनचारदा खेळून बघतो.